उताऱ्याचा नकाशा: वाचलेलं समजावं म्हणून वर्गात काय करायचं

पाचवी ते आठवीला नव्याने भाषा शिकवू लागलेले शिक्षक आणि घरी मुलांचा अभ्यास घेणारे पालक, यांच्यासाठी हे लिहिते आहे. मूल घडाघडा वाचतं, उच्चार स्वच्छ असतात, विरामचिन्हांवर थांबतं. पण ‘का?’ विचारलं की अडतं. अशा मुलाचं उत्तर कसं तयार होतं ते एकदा जवळ बसून पाहा. प्रश्नात ‘पाणी’ असेल तर त्याचं बोट उताऱ्यात ‘पाणी’ शोधत फिरतं, आणि जिथे सापडेल ते वाक्य पूर्णविरामासकट वहीत उतरतं. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. आपण खूण करतो, मूल खूश होतं, आणि उताऱ्यातली एकही गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी जोडली न जाता तास संपतो.

नागपूरच्या वर्गांत याला आणखी एक पदर आहे. कितीतरी पोरांच्या घरी हिंदी बोलतात, काहींच्या घरी वऱ्हाडी किंवा कोष्टी, रामटेककडच्या काहींच्या घरी गोंडी. पुस्तकातली मराठी त्यांना वाचता येते, पण वाक्यांना जोडणारे ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘त्यामुळेच’ हे शब्द डोळ्यांखालून नुसते निघून जातात. आकलन तर नेमकं याच शब्दांत असतं.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय म्हणजे उताऱ्याचा नकाशा. इंग्रजीत याला कॉन्सेप्ट मॅप म्हणतात, आपल्याकडे संकल्पनाचित्र. उताऱ्यातले महत्त्वाचे शब्द चौकटीत लिहायचे, दोन चौकटी बाणाने जोडायच्या आणि बाणावर त्या दोघांचं नातं लिहायचं. चौकट, बाण, चौकट असं सलग वाचलं की अर्थाचं एक वाक्य झालं पाहिजे. ही पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास बसवली. विज्ञानातल्या कल्पना मुलांच्या डोक्यात वर्षागणिक कशा बदलतात, याचा ते अभ्यास करत होते. मुलाखतींच्या ढिगाऱ्यातून मुलाला नक्की काय समजलंय हे दिसेना, म्हणून त्यांनी मुलांचं बोलणं चौकटी आणि बाणांत मांडून पाहिलं. म्हणजे मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे मोठ्यांना दिसावं, यासाठी हे साधन जन्मलं. वर्गात वापरतानाही हे ध्यानात ठेवा.

टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेला माइंड मॅप वेगळा. त्यात मधोमध विषय आणि चहूबाजूंनी रंगीत फांद्या असतात. निबंधाचे मुद्दे सुचवायला तो छान आहे. पण दोन शब्दांमधलं नातं लिहायची सक्ती त्यात नसते, म्हणून उतारा समजून घ्यायला तो अपुरा पडतो. सुरुवातीला दोन्हींची सरमिसळ करू नका.

पहिल्यांदा उतारा निवडा

शंभर-सव्वाशे शब्दांचा, एका बैठकीत संपेल असा. त्यात एका गोष्टीमुळे दुसरी घडत असली पाहिजे. नुसती वर्णनं किंवा यादी असेल तर नकाशाला काही कामच उरत नाही. कविता सुरुवातीला घेऊच नका. कवितेतला अर्थ चौकटीत बसवायला गेलं की कविता निसटते, आणि पोरांना कविता आवडणं जास्त गरजेचं आहे.

विषय मुलांच्या ओळखीचा घ्या. आपल्याकडे संत्रा सगळ्यांच्या घरात येतो, काटोल-नरखेडकडे कुणाचे ना कुणाचे मामा-आजोबा बाग राखून असतात. मी वापरते तो उतारा असा:

“संत्र्याच्या झाडाला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फुलं येऊ शकतात. पण प्रत्येक वेळची फळं धरली तर झाड थकतं, म्हणून शेतकरी एकच बहार निवडतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार आणि जून-जुलैत फुलतो तो मृग बहार. बहार धरण्याआधी बागेचं पाणी काही आठवडे बंद करतात. याला ताण देणं म्हणतात. ताणामुळे झाडाची नवी पालवी थांबते आणि फांद्यांत अन्न साठतं. पुन्हा पाणी मिळालं की हे अन्न फुलांच्या कामी येतं. आंबियाचा ताण तोडायला, म्हणजे पुन्हा पाणी सुरू करायला, विहिरीचं पाणी लागतं. मृगाला पावसाचं पाणी चालतं, पण पाऊस लांबला तर बहार हातचा जातो.”

पहिलं वाचन तुम्ही करा, मोठ्याने. मुलांच्या हातात पेन्सिल नको. दुसरं वाचन मुलांनी मनातल्या मनात करायचं.

फळ्यावर एकच प्रश्न लिहा

नकाशाला वरती एक प्रश्न हवा. प्रश्न नसला की मुलं दिसेल तो शब्द चौकटीत कोंबतात. प्रश्न असा शोधा की त्याचं उत्तर उताऱ्यातल्या कुठल्याही एका वाक्यात मिळणार नाही. वरच्या उताऱ्यासाठी माझा प्रश्न असतो: ज्या झाडाला फुलं हवीत, त्याचंच पाणी शेतकरी का तोडतो?

हा प्रश्न वाचला की वर्गात चुळबुळ सुरू होते, कारण उतरवून काढायला वाक्यच सापडत नाही. इथे घाई करून उत्तर सांगू नका. उत्तराचा अंदाज कुणाला बांधायचा असेल तर बांधू द्या, बरोबर की चूक ते नंतर नकाशाच सांगेल.

शब्द चिठ्ठ्यांवर उतरवा

जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, कॅलेंडरची उलटलेली पानं, काहीही चालतं. त्याच्या दोन-तीन बोटं रुंद चिठ्ठ्या करा. चिठ्ठ्या हलवता येतात हा त्यांचा मोठा गुण. वहीत एकदा चौकट काढली की मूल ती खोडायला तयार नसतं, मग विचार बदलला तरी चित्र बदलत नाही.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने प्रश्नाच्या उत्तराला लागणारे सात ते दहा शब्द निवडायचे. पूर्ण वाक्य चिठ्ठीवर आलं की थांबवा आणि विचारा, ‘यातला कुठला एक शब्द काढला तर गोष्टच राहणार नाही?’ तेवढाच शब्द ठेवायचा. आमच्या वर्गात बहुधा हे शब्द निघतात: पाणी बंद, ताण, नवी पालवी, साठलेलं अन्न, पुन्हा पाणी, फुलं, आंबिया, मृग, विहीर, पाऊस.

मराठीत इथे एक खास अडचण येते. उताऱ्यात शब्द प्रत्यय लागून येतात: ताणामुळे, फांद्यांत, विहिरीचं. मूल तोच शब्द जसाच्या तसा चिठ्ठीवर घेतं, आणि मग ‘मुळे’ हे नातं चौकटीच्या आत जाऊन बसतं. बाणावर लिहायला काही उरत नाही. म्हणून चिठ्ठीवर शब्दाचं मूळ रूप हवं, ताण, फांदी, विहीर, असा नियम पहिल्याच दिवशी घाला. प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढणं हा व्याकरणाचाही उत्तम सराव होतो, विशेषतः घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी, ज्यांना ‘फांद्यांत’मधून ‘फांदी’ पटकन दिसत नाही.

आता खरं काम: बाणावरचा शब्द

चिठ्ठ्या मोठ्या कागदावर मांडायच्या, वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे, जशा गटाला पटतील तशा. मग बाण. एकूण वेळेतला अर्धा वेळ या टप्प्यासाठी राखून ठेवा.

मुलं पहिल्यांदा बाणावर काय लिहितात? ‘आहे’. ‘आणि’. ‘संबंध’. हे तीन शब्द माझ्या वर्गात बंद आहेत, तुमच्याही वर्गात बंद ठेवा. ‘ताण आणि पालवी’ म्हटल्याने काहीही कळत नाही. त्याऐवजी भिंतीवर एक तक्ता लावा: थांबवतो, वाढवतो, यामुळे होतं, असेल तरच, याआधी, याचा प्रकार, याचा भाग, यासाठी लागतं, असूनही, याच्या उलट. सुरुवातीचे काही तास मुलं तक्त्यातूनच निवडतात. पुढे त्यांचे स्वतःचे शब्द येऊ लागतात, आणि ते जास्त नेमके असतात.

संत्र्याच्या उताऱ्यात सुरुवातीचे बाण सोपे जातात. ‘पाणी बंद’ हून बाण ‘ताण’ कडे, त्यावर ‘केलं की बसतो’. ‘ताण’ हून ‘नवी पालवी’ कडे, त्यावर ‘थांबवतो’. ‘साठलेलं अन्न’ हून ‘फुलं’ कडे, त्यावर ‘पाणी मिळताच कामी येतं’. आता मध्ये एक फट राहते. पालवी आणि साठलेलं अन्न यांचं काय नातं? उताऱ्यात फक्त ‘पालवी थांबते आणि अन्न साठतं’ एवढंच आहे. त्या ‘आणि’च्या आत काय दडलंय ते लेखकाने सांगितलेलं नाही.

इथे गट अडतात. अडू द्या. एका गटात बराच वेळ गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नवी पानं नाही आली ना, त्याच्यानं अन्न उरलं.” आणि तिने बाणावर लिहिलं: ‘थांबली त्याच्यानं उरतं’. तो शब्द उताऱ्यात नव्हता. पानं करायला झाडाचं अन्न खर्च होतं हे तिला आधीपासून माहीत होतं, ते तिने उताऱ्याला आणून जोडलं. आकलन म्हणतात ते हेच. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाच्या ज्या सिद्धांतावर नोव्हॅक यांनी आपलं काम उभारलं, त्याचा गाभाही हाच आहे: नवीन गोष्ट आधीच्या माहितीत रोवली गेली तर ती शिकली जाते, नाहीतर नुसती पाठ होते.

तिचं ‘त्याच्यानं’ मी ‘त्यामुळे’ करून घेतलं नाही. पहिल्या नकाशात मुलांना घरच्या बोलीत लिहू द्या. ‘काहून की’ लिहिलं तरी चालेल, हिंदी ‘इसलिए’ आलं तरी चालेल. नातं पकडलं गेलं हे महत्त्वाचं. प्रमाण मराठीत आणायचं काम पुढच्या टप्प्यात आहेच, आणि तिथे ते सहज होतं.

आंबिया-मृगाची बाजू मुलं भराभर जोडतात. ‘आंबिया’ला ‘विहीर’ लागते, ‘मृग’ ‘पावसा’वर अवलंबून. मग लांबच्या दोन चौकटी जोडणारा एक तरी बाण काढायला सांगा. एका गटाने ‘पाऊस’ हून ‘विहीर’ कडे बाण काढला, ‘भरतो’ असा. म्हणजे आंबियाही शेवटी पावसावरच आला. उताऱ्यात हे कुठेच नाही, पण चुकीचंही नाही. असे आडवे बाण निघू लागले की समजा, मुलं आता ओळींच्या पलीकडे वाचताहेत.

नकाशा बोलून दाखवा, मग उताऱ्यात पुरावा शोधा

गटातल्या एकाने बोट ठेवत प्रत्येक बाण वाक्य म्हणून मोठ्याने वाचायचा. वाक्य विचित्र वाटलं तर बाणावरचा शब्द बदलायचा, नाहीतर बाणाची दिशा उलटी करायची. दिशा उलटी असणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे: ‘फुलं थांबवतात पाणी’ असं काहीतरी. ते कानाला लगेच खटकतं, म्हणून मोठ्याने वाचणं टाळू नका.

मग प्रत्येक बाणाचा पुरावा. उताऱ्यातल्या ज्या वाक्यातून तो निघाला त्याला क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक बाणावर लिहायचा. ज्याला वाक्य नाही, पण जो आपण विचार करून काढला, त्याच्यापुढे ‘मी’ लिहायचं. त्या मुलीच्या बाणावर ‘मी’ होतं. या एका सवयीने लेखक काय म्हणतो आणि मी काय समजलो यातला फरक मुलांना कळतो, आणि वाटेल ते जोडून देण्याला आळाही बसतो.

पुस्तक मिटून पुन्हा काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. २०११ साली पर्ड्यू विद्यापीठाचे जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांचा एक प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं. दुसऱ्या गटाने मजकूर वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. नकाशाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यायला हवं. पुस्तकात बघून काढलेला नकाशा समजायला मदत करतो, पण टिकून राहण्यासाठी डोक्यातून बाहेर काढावं लागतं.

म्हणून दोन्ही करा. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला कोरा कागद द्या, पुस्तक बंद, कालचा नकाशा झाकलेला. प्रत्येकाने एकट्याने आठवून काढायचा, दहा मिनिटांत. मग कालच्याशी ताडून सुटलेले बाण दुसऱ्या रंगाने भरायचे. कुठला बाण सुटला हे पाहिलं की कुणाला काय समजलेलं नाही ते तुम्हाला लगेच कळतं.

त्यानंतर त्याच नकाशावरून पाच-सहा वाक्यांत प्रश्नाचं उत्तर लिहायचं. ‘त्याच्यानं’चं ‘त्यामुळे’ इथे होतं.

तीन आठवड्यांची चढण

कोरा कागद एकदम हातात देऊ नका. पहिल्या आठवड्यात फळ्यावर सगळ्यांनी मिळून एक नकाशा, तुम्ही विचार करताना मोठ्याने बोलत. दुसऱ्यात चौकटी तयार द्या, बाणांवरचे शब्द मुलांनी भरायचे. तिसऱ्यात सगळं गटाने. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो, त्यामुळे एक उतारा दोन तासांना पुरेल असंच धरा.

आपल्याकडे मुलांना आकृत्या नव्या नाहीत. दहावीपर्यंतच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘आकृती पूर्ण करा’, ‘ओघतक्ता पूर्ण करा’ असतंच. पण ती आकृती तयार मिळते. कोणत्या चौकटी हव्यात, कुठला बाण कुठे जायचा, हा सगळा विचार पेपर काढणाऱ्याने करून ठेवलेला असतो आणि मुलाकडे फक्त रिकाम्या जागा भरणं उरतं. मला हे खटकतं. स्वतः नकाशे काढलेल्या मुलांना तयार आकृती किरकोळ वाटते. उलटं होत नाही. म्हणून परीक्षेच्या तयारीतही एक कृती द्या: उतारा वाचा आणि यावर पेपरात कोणती आकृती विचारता येईल ती तुम्हीच तयार करा.

प्रत्येक उताऱ्याला हाच आकार नको

घटना क्रमाने घडत असतील तर ओघतक्ता. दोन गोष्टींची तुलना असेल, समजा नागपूरच्या मिरवणुकीतले काळी मारबत आणि पिवळी मारबत हे दोन पुतळे, तर एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं: सामाईक ते मध्ये, वेगळं ते बाजूंना. गोष्ट असेल तर पात्र, अडचण, प्रयत्न, शेवट. कुठला आकार घ्यायचा हे मुलांनाच ठरवू द्या आणि ‘हाच का?’ विचारा.

इतिहासाच्या उताऱ्यात मात्र ओघतक्त्यावर भागवू नका. सनावळी ओळीने लावली की समजल्यासारखं वाटतं, पण कारणं बाहेरच राहतात. हिवाळी अधिवेशन नागपुरात का होतं, हा प्रश्न घेऊन पाहा. डिसेंबरात विधानभवनाकडचा बंदोबस्त आणि मोर्चे पोरांनी पाहिलेले असतात. १९५३ चा नागपूर करार (विदर्भाने मराठी राज्यात यावं यासाठी नेत्यांनी केलेला), १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपद जाणं आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात येणं, १९६० ची महाराष्ट्र स्थापना: या चार चौकटी नुसत्या ओळीत ठेवल्या तर तारखांची यादी होते. करारातून अधिवेशनाकडे जाणाऱ्या बाणावर ‘वर्षातला ठराविक काळ सरकार इथे बसेल अशी अट होती म्हणून’ आलं की उत्तर होतं.

नकाशा तपासताना

सुबकपणाला गुण देऊ नका. रंगीत स्केचपेन, ढगांच्या आकाराच्या चौकटी, कडेला फुलं, यात वीस मिनिटं जातात आणि बाण कोरेच राहतात. गुण बाणांना द्या: वाचल्यावर बरोबर वाक्य होणाऱ्या प्रत्येक बाणाला एक, आडव्या बाणाला दोन. मध्ये एक चौकट आणि तिच्यातूनच सगळे बाण निघालेत असा नकाशा दिसला तर मुलाने यादी केली आहे, वाचलेलं जोडलेलं नाही. अशा वेळी कडेच्या कुठल्याही दोन चौकटींवर बोट ठेवून विचारा, ‘यांचं एकमेकांशी काय?’

तुमचा नकाशा फळ्यावर काढून ‘उतरवून घ्या’ म्हणणं हा सगळ्यात मोठा घात. दोन गटांचे नकाशे वेगळे आले तर उत्तमच. ते शेजारी लावा आणि दोन्ही गटांना आपापल्या बाणांची बाजू मांडू द्या. वर्गातली सगळ्यात चांगली चर्चा त्यातूनच होते.

ज्या मुलाला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, त्याला नकाशाने वाचायला येणार नाही. त्याचा वाचनाचा सराव वेगळा घ्या, पण गटात बसवून उतारा कानाने ऐकू द्या आणि चिठ्ठ्या लावायला द्या. वाचता न येणारं मूल बाणावरचा शब्द पुष्कळदा सगळ्यांच्या आधी सांगतं.

संगणकावर करायचं असेल तर सीमॅपटूल्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. पण सुरुवातीचे दोन-तीन महिने कागदच बरा. कागदाभोवती चार डोकी एकत्र वाकतात, माऊस एकाच्याच हातात असतो.

उताऱ्यांसाठी फार शोधाशोध नको. बालभारतीची पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आपल्याच इयत्तेच्या विज्ञान, भूगोल आणि परिसर अभ्यासाच्या पुस्तकांतले परिच्छेद घ्या, म्हणजे भाषेच्या तासाची मेहनत दुसऱ्या विषयाच्याही कामी येते. महिन्याला चार उतारे पुरेत: दोन माहितीचे, एक इतिहासाचा, एक गोष्टीतला. सगळे नकाशे एका फाईलमध्ये तारीख घालून ठेवा. पालकसभेला गुणपत्रिकेसोबत जूनमधला आणि डिसेंबरमधला नकाशा शेजारी ठेवून दाखवला, तर पोरगं कुठे पोचलंय ते आई-वडिलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.